गंगेचा प्रश्न आणि परटाचा हिशेब

घरातील वस्त्रांमध्ये पडद्याचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. तो कोणी नेसत नाही, पांघरत नाही, त्यावर कोणी निजत नाही. घामाचा, उष्ट्याचा किंवा आजाराचा संसर्ग त्याला सहसा घडत नाही. आणि तरीही वर्षभर खिडकीशी तिष्ठत राहिलेला हा पडदा दिवाळीच्या साफसफाईत जेव्हा खाली उतरतो, तेव्हा त्याच्या चुण्याचुण्यांतून झडणारी धूळ, फोडणीच्या धुराचा चिकट थर, उदबत्तीची काजळी आणि रस्त्यावरच्या मोटारींनी ओकलेला काळा अंश पाहून, ज्याला कोणी हात लावीत नव्हते ते वस्त्र इतके मलिन कसे झाले, असा प्रश्न गृहस्थाला पडल्यावाचून राहत नाही. उत्तर उघड आहे. जी धूळ माणसांच्या फुप्फुसांत, पुस्तकांच्या कपाटांत आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तींवर जाऊन बसली असती, तिचा बराचसा वाटा त्याने आपल्या अंगावर घेतला. त्याचा मळ हा त्याच्या चाकरीचा दाखला आहे.

हा मळ आपण काढून टाकतो तेव्हा वस्तुतः काय करतो? पूर्वी पडदा परटाच्या गाठोड्यात जात असे. आता तो लॉन्ड्रीत जातो, किंवा घरी येऊन पडदे उतरवून नेणारा आणि धुऊन, इस्त्री करून पुन्हा जागच्या जागी टांगून देणारा व्यावसायिक त्याचा ताबा घेतो. ठरलेल्या मुदतीत पडदा परत येतो, पावती चुकती होते आणि मामला मिटला असे आपण समजतो. परंतु पदार्थाचा समूळ नाश होत नाही, तो केवळ रूप आणि स्थान बदलतो, हा सृष्टीचा नियम धुलाईलाही लागू आहे; तेव्हा धुणे म्हणजे मळाचे स्थलांतर होय, आणि एकदा हे कबूल केले की मग तो मळ गेला कोठे, कोणी तो स्वीकारला, आणि स्वीकारणाऱ्याविषयी देणाऱ्याचे काही कर्तव्य उरते की नाही, हे प्रश्न ओघानेच उभे राहतात. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत शौच हा पहिला आहे. म्हणून हे प्रश्न केवळ गृहव्यवस्थेचे नसून धर्माचेही आहेत, असे मला वाटते.

आपल्या धर्मशास्त्राने वस्त्रशुद्धीचा विचार बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातील द्रव्यशुद्धीचे प्रकरण वाचताना तर एखाद्या अनुभवी परटाशी बोलून ते लिहिले असावे असे वाटते. कारण रेशीम आणि लोकर यांस खारी माती, कांबळ्यांस रिठा, तलम वस्त्रांस बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी, अशी कापडाच्या जातीनुसार द्रव्यांची वाटणी तेथे केलेली आहे, आणि रिठ्याने गरम कपडे धुण्याची वहिवाट तर आपल्या घरांतून आजतागायत टिकून आहे. तथापि त्याच प्रकरणात असेही सांगितले आहे की, वस्त्रे थोडी असतील तर ती पाण्याने धुवावीत आणि पुष्कळ असतील तर त्यांवर पाणी शिंपडावे म्हणजे ती शुद्ध होतात. शिंपडण्याने धूळ निघत नाही हे स्मृतिकारांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? अर्थात् येथे शुद्धीच्या दोन निराळ्या कल्पना शेजारी शेजारी नांदत आहेत: एक मळ काढण्याची, दुसरी संसर्गाचा दोष काढण्याची. याच द्वैतामुळे महिनोन् महिने न धुतलेला मुकटा सोवळ्याचा ठरतो, आणि नुकतेच धुऊन वाळत घातलेले धोतर शाळेतून आलेल्या मुलाचा हात लागताच ओवळे होते. नैवेद्याच्या वेळी देवापुढे ओढलेला पडदा किंवा वधूवरांमध्ये धरलेला अंतरपाट जे रक्षण करतो ते या दुसऱ्या अर्थाने. खिडकीवरचा पडदा जे करतो ते पहिल्या. पुढील विवेचनात या दोन अर्थांची गल्लत कशी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहावयाचे आहे.

प्रथम धुलाईची रीत पाहू. या धंद्यातला जाणता मनुष्य पडदा हाती येताच पाण्यात बुडवीत नाही. तो आधी त्याची लांबीरुंदी मोजून लिहून ठेवतो, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि मागाहून खिडकी उघडी पडली म्हणजे तक्रारीला तोंड द्यावे लागते. मग तो लोखंडी आकडे आणि कड्या काढतो, नाहीतर गंजाचे डाग उमटतात. धूळ कोरडीच झटकतो किंवा यंत्राने ओढून घेतो, कारण पाणी लागलेली धूळ धाग्यांत शिरून चिखल होते. दुमडीच्या आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो की काय याची परीक्षा घेतो. अस्तर आणि मूळ कापड वेगवेगळ्या प्रमाणात आटत असेल तर पडदा सुरकुतून लोंबेल हे ध्यानात घेऊन त्यांची सांगड तपासतो. आणि मखमल असेल तर तिची लव मुरडू नये म्हणून तिला पिळत नाही. एवढी दक्षता घेऊनही कित्येकदा असे होते की दहापंधरा वर्षे दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीवर टांगलेला रेशमी पडदा, जो घरी असताना धडधाकट दिसत होता, तो धुण्यात उभाच्या उभा फाटतो. रेशमाचा धागा उन्हाने जीर्ण होतो. ऊन वर्षानुवर्षे त्याला आतून खात असते, परंतु पडदा स्थिर असतो, त्यावर ताण पडत नाही, म्हणून ती जीर्णता कोणाच्या नजरेस येत नाही. धुण्याच्या हालचालीने ती प्रथमच प्रकट होते, आणि कसूर मात्र धुणाऱ्याच्या पदरात पडते. जो केवळ निमित्त आहे त्याला आपण प्रधान कारण ठरवितो. आणि असे ठरविणे सोयीचे असते, कारण सूर्यावर फिर्याद करता येत नाही.

या बाबतीत कौटिल्य आपल्याहून अधिक न्यायी होता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात परटांविषयीचे निर्बंध कडक आहेत: लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत, अन्यत्र धुऊन नुकसान झाल्यास भरपाई आणि वर सहा पण दंड, दुसऱ्याचे वस्त्र विकल्यास, भाड्याने दिल्यास किंवा गहाण टाकल्यास बारा पण दंड, परटाने स्वतः मुद्गराची खूण असलेलेच कापड वापरावे, दुसरे अंगावर आढळल्यास तीन पण दंड, आणि शुभ्रतेच्या प्रतीप्रमाणे एकेक रात्रीने वाढत जाणारी मुदत. परंतु त्याच ठिकाणी मजुरीचे दरही बांधून दिले आहेत, आणि पहिल्या धुण्यात वस्त्राचे मोल चतुर्थांशाने व दुसऱ्या धुण्यात पंचमांशाने उतरते हे राज्यानेच मान्य केलेले आहे. म्हणजे वस्त्र धुतल्याने झिजते, ही झीज कोणाचाही अपराध नाही, आणि ती मालकाने सोसावयाची आहे, असा स्पष्ट कबुलीजबाब त्या शासनाने लिहून ठेवला. त्या काळी खूण परटाच्या कपड्यांवर होती. पुढे बिब्ब्याच्या न पुसल्या जाणाऱ्या रसाची खूण गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या मुंबईच्या महालक्ष्मी येथील धोबी घाटावर अशा खुणांच्याच आधाराने अगणित घरांचे कपडे, एकमेकांत न मिसळता, ज्याचे त्याला परत जात राहिले. अक्षरशत्रू म्हणून ज्याला हिणवले त्याने चालविलेले हे दफ्तर होते.

आता मळाचा माग काढू. भट्टीचा खार आणि साबण मळाला धाग्यापासून सोडवितात आणि पाण्याच्या स्वाधीन करतात. पाणी गटारात, गटार नदीत. आळंदीच्या इंद्रायणीवर अलीकडे वारंवार तरंगणारा पांढरा फेस हे कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याचे दृश्य रूप आहे. ज्या पाण्यात वारकरी स्नान करतो त्यात आपल्या सर्वांच्या स्वच्छतेची शिल्लक जमा झालेली असते. पाणी न सोसणाऱ्या कापडांसाठी विद्रावकाने धुण्याची जी रीत निघाली, तिचे पहिले पेटंट न्यू यॉर्कच्या थॉमस जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिंप्याने १८२१ साली मिळविले, आणि त्या धंद्याच्या मिळकतीतून त्याने आपल्या कुटुंबीयांची गुलामगिरीतून सुटका केली असे सांगतात. धुणाऱ्याच्या कष्टाने माणसांच्या बेड्या तुटल्या, असा हा इतिहासातला दुर्मिळ प्रसंग आहे. पुढे या रीतीत परक्लोरोएथिलीन नावाचे द्रव्य रूढ झाले. यंत्रात हे द्रव्य वस्त्रातील तेलकट मळ विरघळवून घेते, मग ते तापवून त्याची वाफ केली जाते, वाफ थंड होऊन पुन्हा निर्मळ द्रव्य मिळते, आणि भांड्याच्या तळाशी काळा, दाट गाळ उरतो. पडद्याचा मळ येथे प्रत्यक्ष डोळ्यांना दिसतो. पण जो मनुष्य तो गाळ उपसतो आणि दिवसभर ती वाफ हुंगतो त्याच्या शरीराचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे द्रव्य मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा वर्गात घातले आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२४ साली धुलाईच्या धंद्यातून ते दहा वर्षांच्या मुदतीत हद्दपार करण्याचे ठरविले. मळाचा एक अंश नदीत, एक अंश गाळात, आणि एक अंश, संथपणे, माणसात जातो.

हाच प्रश्न फार पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि विचारणारी स्वतः गंगा होती. भागवताच्या नवव्या स्कंधात भगीरथ तिला पृथ्वीवर येण्याची विनंती करतो तेव्हा ती दोन अडचणी सांगते. पहिली, माझा वेग कोण धारण करील? तिचे उत्तर शंकराच्या जटांत मिळाले आणि ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरी अडचण अधिक खोल आहे: लोक आपले पाप माझ्यात धुतील, ते मी कोठे धुवावे? पावित्र्याच्या साऱ्या तत्त्वज्ञानाला निरुत्तर करील असा हा प्रश्न आहे, कारण शुद्ध करणाऱ्याची शुद्धी कोण करणार, या प्रश्नाशी प्रत्येक शुद्धिविधी येऊन अडखळतो. भगीरथाने उत्तर दिले की, ज्यांच्या अंतःकरणात हरी वसतो असे विरक्त साधू तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या अंगस्पर्शाने तुझे पाप हरण होईल. या उत्तराचे मर्म असे की, मळ स्वीकारूनही जो मलिन होत नाही असा कोणीतरी साखळीच्या शेवटी उभा असल्याशिवाय ही व्यवस्था चालू शकत नाही. पुराणाने त्या ठिकाणी साधूला उभे केले.

समाजाने मात्र त्या ठिकाणी परटाला उभे केले, आणि तेही त्याची संमती न घेता. अत्री, यम आणि अंगिरस यांच्या नावांवरील स्मृतींत सात अंत्यजांची जी गणना येते, तिचा प्रारंभच रजकापासून होतो. जो सर्वांची वस्त्रे निर्मळ करतो तोच अस्पर्श्य! मळ काढण्याच्या शुद्धीचे काम ज्याने केले त्याच्यावर संसर्गाच्या दोषाचे ओझे लादले गेले. वर म्हटलेली दोन अर्थांची गल्लत ती हीच. महाराष्ट्राच्या गावगाड्यात परटाची स्थिती काहीशी बरी होती. तो बलुतेदार होता, सुगीला त्याचा धान्याचा हक्क ठरलेला होता, आणि लग्नकार्यात पायघड्या अंथरण्याचा मान त्याचा होता. पण लोकमानसाने त्याच्यावर आणखी एक डाग टाकलाच. वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीतेविषयीचा अपवाद भद्र रामाच्या कानी घालतो आणि तो नगरातल्या व जनपदातल्या सर्वसाधारण लोकांचा म्हणून सांगतो; पुढच्या परंपरेने तो अपवाद एका परटाच्या तोंडी घातला. सगळ्या प्रजेने उच्चारलेले मलिन वचनही धुण्यासाठी अखेर परटाच्याच गाठोड्यात गेले, आणि प्रजा शुभ्र राहिली.

येथे अद्वैती आक्षेप घेईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. तो म्हणेल, मळ कोणाला लागतो याची ही चर्चाच भ्रममूलक आहे. आत्म्याला मळ लागत नाही. ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत अध्यासाचे लक्षण सांगताना शंकराचार्यांनी दृष्टांत दिला आहे तो असा की, प्रत्यक्ष न दिसणाऱ्या आकाशावरही अज्ञ लोक मालिन्याचा आरोप करतात. आकाश मलिन होत नाही, तसाच परीट आणि तशीच गंगाही. सिद्धांत म्हणून हे निर्विवाद आहे. परंतु या सिद्धांताचा उपयोग कोणत्या दिशेने करावयाचा यावर सारे अवलंबून आहे. जर आत्मा कोणाचाच मलिन होत नसेल, तर परटाला अंत्यज म्हणणारी गणना सर्वांत आधी रद्द होते. काशीच्या गल्लीत वाटेत आलेल्या चांडाळाला दूर होण्यास सांगितले असता त्याने, तू कोणाला दूर सारतोस, देहाला की आत्म्याला, असे विचारून आचार्यांना निरुत्तर केले, ही परंपरागत कथा हेच सांगते. आणि व्यवहाराच्या पातळीवर, जेथे फुप्फुसे आणि हाताची कातडी खरी आहेत, तेथे विद्रावकाची वाफही खरीच आहे. जो गृहस्थ मजुरी देताना व्यवहारात राहतो आणि दुसऱ्याच्या खोकल्याचा विषय निघताच परमार्थात शिरतो, त्याचे अद्वैत संशयास्पद समजावे.

बौद्ध परंपरेने वस्त्राच्याच दृष्टांतांतून शुद्धपणाच्या अभिमानाचे आणखी सूक्ष्म पृथक्करण केले आहे. चूळपंथक नावाच्या मंदबुद्धी भिक्षूला चार महिन्यांत एक गाथाही पाठ होईना, तेव्हा बुद्धाने त्याच्या हाती एक स्वच्छ कापडाचा तुकडा देऊन, मळ हरण होवो असे म्हणत तो चोळीत बसण्यास सांगितले. चोळता चोळता ते शुभ्र वस्त्र काळवंडले, आणि मळ वस्त्रात नव्हता, तो आपल्या हातून त्यात गेला, हे त्याला उमगले. दुसरी कथा खेमक नावाच्या आजारी भिक्षूची. तो कोसंबीला असताना म्हणतो की, पंचस्कंधांपैकी कोणताही मी नव्हे हे मला कळते, तरी ‘मी आहे’ हा भाव अद्याप गेलेला नाही. त्याचा दृष्टांत असा: धन्याने मळके वस्त्र परटाला दिले, परटाने ते खाऱ्या मातीने, क्षाराने आणि शेणाने चोळून निर्मळ पाण्यात खळबळले, तरी त्या वस्त्राला त्या माती-क्षाराचाच वास मागे राहतो. मळ गेला, पण मळ घालविणाऱ्या द्रव्याचा दर्प उरला. माझ्या अल्प मतीप्रमाणे शौचावर याहून मार्मिक भाष्य क्वचितच झाले असेल. स्वच्छतेच्या साधनाचाच जो अंश वस्त्रात राहून जातो तो म्हणजे स्वच्छ असण्याचा अहंकार. आणि सोवळ्याच्या नावाखाली ज्यांनी परटाला ओसरीच्या खालीच थांबविले त्यांच्या वस्त्रांना हाच दर्प येत होता.

मग मार्ग कोणता? भगीरथाने सांगितलेला साधू कधीकधी खरोखरच अवतरतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली एका परटाच्या घरात जन्मलेले गाडगे महाराज ज्या गावी जात तेथे आधी हातातील खराट्याने रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. आणि १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत कोणाला आपल्या पाया पडू दिले नाही. दुसऱ्यांचा मळ स्वेच्छेने अंगावर घेणे आणि त्यातून येणारा मोठेपणा नाकारणे, या दोन्ही गोष्टी एकाच देहात नांदल्या तर गंगेच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. परंतु अशा पुरुषाच्या भरवशावर सर्वसामान्य गृहस्थाने आपला हिशेब सोडून देणे हे भक्तीचे नसून चुकवेगिरीचे लक्षण होय.

गृहस्थासाठी उपाय मनूनेच सांगून ठेवला आहे, आणि तो द्रव्यशुद्धीच्या त्याच पाचव्या अध्यायात, खारी माती आणि रिठा यांच्या थोडा अलीकडे सापडतो. सर्व प्रकारच्या शौचांत अर्थशौच श्रेष्ठ होय; जो द्रव्याच्या व्यवहारात शुचि तोच शुचि, माती-पाण्याने शुचि झालेला नव्हे, असा तो निर्णय आहे. स्मृतीच्या पुष्कळ वचनांशी आज आपला झगडा असला आणि तो योग्यही असला, तरी हे वचन तिच्याच इतर वचनांविरुद्ध साक्षीला बोलावण्याजोगे आहे. त्याच्या उजेडात पडद्यांची निगा हे एक छोटेखानी व्रत ठरते: दर आठपंधरा दिवसांनी धूळ आपल्याच हाताने झटकावी, म्हणजे वर्षाचा भार एकट्या दुसऱ्यावर पडणार नाही, पडदा देताना त्याचे वय आणि त्याने खाल्लेले ऊन खरेपणाने सांगावे, कौटिल्याची झीज आपल्या नावावर मांडावी, विषारी द्रव्याने आज मिळणाऱ्या शुभ्रतेपेक्षा सौम्य द्रव्याने चार दिवसांनी मिळणारी शुभ्रता पत्करावी आणि त्या विलंबाला दिरंगाई म्हणू नये, आणि ठरलेली मजुरी, घासाघीस न करता, ठरल्या दिवशी द्यावी. यांतील एकाही गोष्टीला मंत्र लागत नाही. शौच हा दोघांनी मिळून पुरा करावयाचा व्यवहार आहे, एकाला मलिन ठेवून दुसऱ्याला त्यात शुद्ध होता येत नाही. म्हणूनच पडदा कितीही शुभ्र होऊन परत आला असला, तरी तो धुणाऱ्याचे देणे जोवर थकले आहे तोवर, मनूच्याच कसोटीने, ते घर अशुचि समजावे.